एकतीस सामने हरलेले विजेते

कॉन्फरन्स म्हटलं की आपल्या जमातीला आधी आठवतो तो कॉन्फरन्स कॉल. रात्री साडेनऊचा, म्यूटवर टाकून जेवता जेवता ऐकायचा. त्यामुळे मे महिन्यात एकदा क्लायंटकडचा एक जण कॉलवर डोळे चोळत आला आणि "कॉन्फरन्स टूर्नामेंट बघत जागलो" म्हणाला, तेव्हा मला वाटलं ह्यांच्या ऑफिसात टेबल टेनिसबिनिस चालू असेल. निघालं भलतंच. कॉलेजचं बेसबॉल! गडी मूळचा कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचा. कॉल संपता संपता त्याने मला एक कोडं घातलं: मोसमात एकतीस सामने हरलेला संघ अख्ख्या देशाचा विजेता कसा होईल?

बेसबॉल मला तोपर्यंत हॉलिवूडच्या सिनेमांपुरतंच ठाऊक होतं. पण कोडं डोक्यात राहिलं, आणि पुढचे दोन-तीन वीकएंड त्यात गेले. त्याचं उत्तर म्हणजे हा लेख.

आधी थोडी यंत्रणा समजून घेऊ, म्हणजे पुढची गंमत कळेल. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार एनसीएए नावाची संस्था बघते. तिच्या पहिल्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, बेसबॉल खेळणारी जवळपास तीनशे कॉलेजं आहेत. एवढ्या मोठ्या देशात सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं अशक्य, म्हणून कॉलेजांचे गट आहेत. त्या गटाला म्हणतात कॉन्फरन्स. मूळ कल्पना शेजारपाजारच्या कॉलेजांनी एकत्र यावं अशी होती, आता तिचं काय झालंय ते पुढे येईलच. अशा तीसेक कॉन्फरन्स आहेत.

फेब्रुवारीच्या मध्याला मोसम सुरू होतो. एकेक संघ छप्पन्नच्या आसपास सामने खेळतो. कॉन्फरन्समधले सामने बहुतेक शुक्रवार-शनिवार-रविवार, एकाच प्रतिस्पर्ध्याशी तीन. मेच्या उत्तरार्धात ही साखळी संपते, गुणतक्ता तयार होतो, कोण पहिला ते कळतं. आपल्या हिशेबाने इथे विषय संपायला हवा. पण तिथे मग सुरू होते कॉन्फरन्सची टूर्नामेंट. एक मैदान, चार-पाच दिवस, बाद पद्धतीचे सामने. आणि बहुतेक ठिकाणी ती जो जिंकेल त्यालाच कॉन्फरन्सतर्फे राष्ट्रीय स्पर्धेत हक्काची जागा मिळते. साखळीत पहिला आलेल्याला मिळतं ते अभिनंदन.

राष्ट्रीय स्पर्धेत जागा ६४. त्यातल्या तीसच्या आसपास अशा हक्काच्या, उरलेल्या एक निवड समिती वाटते. मेच्या अखेरीस, एका सोमवारी, टीव्हीवर यादी जाहीर होते. मग १६ गावांत प्रत्येकी चार संघ, त्यांतून १६ उरतात, त्यांच्या जोड्या लागून आठ उरतात, आणि ते आठ जण नेब्रास्कातल्या ओमाहा गावी जातात. ह्या शेवटच्या टप्प्याला कॉलेज वर्ल्ड सिरीज म्हणतात. ('वर्ल्ड' का, हे अमेरिकनांना विचारू नये.)

म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेला दोन दारं. एक समितीचं, ते मोठ्या घरच्यांसाठी. दुसरं कॉन्फरन्स टूर्नामेंटचं. मोठ्या कॉन्फरन्समधले संघ पहिल्या दाराने घाऊक संख्येने आत जातात. साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे एसईसी, हिच्या सोळापैकी तेरा संघांना २०२५ साली राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली. छोट्या कॉन्फरन्सच्या वाट्याला बहुधा एकच जागा येते. त्यांच्यासाठी दार एकच, आणि ते वर्षातून चार दिवस उघडं असतं.

आता इथे न्यायाचा प्रश्न येतोच. तीन महिने सगळ्यांत चांगला खेळलेला संघ मेच्या एका वाईट दुपारी हरतो आणि घरी बसतो. बास्केटबॉलमध्ये अशा संघांसाठी निदान दुय्यम दर्जाची एक स्पर्धा असते, बेसबॉलमध्ये तेही नाही. त्यात बेसबॉल हा मुळात लहरी खेळ. सर्वोत्तम संघसुद्धा चार-पाच सामन्यांत एखादा हरतोच, म्हणून तर एवढे सामने खेळवतात. शिवाय सगळी भिस्त पिचरवर. पिचर म्हणजे आपला बोलर, पण त्याचा खांदा आणि कोपर एका सामन्यात इतकं झिजतं की मुख्य पिचरला आठवडाभर तरी विश्रांती लागते. साखळीत शुक्रवारी एक, शनिवारी दुसरा, रविवारी तिसरा असे तीन खांदे पुरतात. टूर्नामेंटमध्ये रोज सामना असला की चौथ्या दिवशी संघाकडे कोण शिल्लक आहे ह्यावर निकाल लागतो. आपल्या भाषेत सांगायचं तर तीन सर्व्हरवर चालणारी सिस्टिम आणि अचानक पाचपट लोड. ह्यावर थोडा उतारा म्हणून बऱ्याच टूर्नामेंटमध्ये 'दोनदा हरलात तरच बाहेर' असा नियम असतो. पण पहिल्यांदा हरलेल्याला जास्तीचे सामने खेळावे लागतात, म्हणजे आणखी खांदे लागतात. सवलत आहे, पण व्याजासकट.

मग ही भानगड सुरू का झाली?

कॉलेज वर्ल्ड सिरीज पहिल्यांदा झाली १९४७ साली, मिशिगनमधल्या कॅलामझू गावात. कॅलिफोर्नियाने येलला हरवलं. येलच्या संघात पहिल्या बेसवर जॉर्ज बुश नावाचा एक डावखुरा मुलगा होता, तोच पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला (थोरले बुश). १९५० पासून स्पर्धा ओमाहाला गेली, ती कायमची. तेव्हा थोडेच संघ घेत, आणि कोण घ्यायचे हे बरंचसं साखळीवर ठरे.

कॉन्फरन्स टूर्नामेंटचं खूळ मूळचं बास्केटबॉलचं. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे एसीसी, १९५४ पासून आपला विजेता टूर्नामेंटने ठरवत असे, आणि त्या काळी राष्ट्रीय स्पर्धेत एका कॉन्फरन्सचा एकच संघ जाई. १९७४ च्या एसीसी फायनलमध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटने मेरीलँडला १०३-१०० असं जादा वेळेत हरवलं. मेरीलँड तेव्हा देशातल्या सर्वोत्तम संघांपैकी एक होता. तो घरी बसला. नॉर्थ कॅरोलायना स्टेट पुढे राष्ट्रीय विजेता झाला. त्यावरून इतकी चर्चा झाली की पुढच्याच वर्षापासून एका कॉन्फरन्समधून एकाहून जास्त संघ घ्यायला सुरुवात झाली. समितीचं दार मोठं झालं ते असं, एका मोठ्या संघावर अन्याय झाला म्हणून. छोट्यांवर रोज होत असलेल्या अन्यायासाठी नियम बदललेले मी कुठेच वाचले नाहीत. असो.

बेसबॉलमध्ये एसीसीने टूर्नामेंट सुरू केली १९७३ ला, एसईसीने १९७७ ला. हळूहळू बाकीच्यांनी उचललं. कारण उघड आहे, चार दिवस एकाच ठिकाणी सगळी कॉलेजं, तिकिटं, पुढे टीव्ही. १९९९ साली राष्ट्रीय स्पर्धा ४८ संघांवरून ६४ वर गेली आणि आजचा साचा तयार झाला.

आता कोडं.

फ्रेस्नो हे कॅलिफोर्नियातलं असलं तरी समुद्र, हॉलिवूड, सिलिकॉन व्हॅली ह्यांच्याशी त्याचा संबंध नाही. मधल्या सपाट खोऱ्यातलं शेतीचं गाव, द्राक्षं आणि बेदाण्यांसाठी प्रसिद्ध. (आपल्याकडच्या तासगाव-सांगलीच्या मंडळींना लगेच आपलंसं वाटेल.) तिथलं विद्यापीठ फ्रेस्नो स्टेट, संघाचं नाव बुलडॉग्स. बेसबॉलची परंपरा चांगली. १९५९, १९८८ आणि १९९१ मध्ये ओमाहाला जाऊन आले होते, पण जिंकले नव्हते. विद्यापीठाच्या नावावर राष्ट्रीय विजेतेपद होतं ते १९९८ चं, मुलींच्या सॉफ्टबॉलचं.

२००८ चा मोसम त्यांच्यासाठी वाईट सुरू झाला. पहिल्या वीस सामन्यांत आठ विजय, बारा पराभव. नंतर सावरले आणि आपल्या कॉन्फरन्सच्या साखळीत पहिलेही आले. पण ती कॉन्फरन्स होती वेस्टर्न ॲथलेटिक, म्हणजे वॅक. हिचा एक संघ हवाईत, एक लुइझियानात, मधे नेवाडा, न्यू मेक्सिको आणि कॅलिफोर्निया. शेजारधर्म म्हणावा तर होनोलुलूहून लुइझियाना सहा हजार किलोमीटरच्या वर! अशा कॉन्फरन्सच्या साखळीत पहिला आलात म्हणून निवड समिती ढुंकून बघत नाही. त्यातून ह्यांचे पराभव भरपूर. भर म्हणून मोसमाच्या शेवटी त्यांचा सर्वांत चांगला पिचर, टॅनर शेपर्स, खांद्याच्या दुखापतीने बाहेर. व्यावसायिक क्लब ज्याच्यावर डोळा ठेवून होते तो हा मुलगा.

म्हणजे साखळी जिंकूनही त्यांच्यापुढे तेच एक दार होतं. वॅकची टूर्नामेंट हरले असते तर मे महिन्यातच पोरांनी बॅगा भरल्या असत्या, चौथ्या वर्षाच्या मुलांचं बेसबॉल तिथेच कायमचं संपलं असतं, आणि आज मला हा लेख लिहायचं काही कारण नव्हतं. ते जिंकले. ओळीने तिसऱ्या वर्षी वॅकची टूर्नामेंट जिंकले आणि आत शिरले.

आत शिरल्यावर मान काय मिळाला? चौथं मानांकन. चार-चार संघांचे सोळा गट असतात, त्यांत एक ते चार मानांकन; चौथा म्हणजे सरळ सांगायचं तर यजमानांच्या सरावासाठी बोलावलेला. ह्यांचा गट लाँग बीचला होता. तिथून हे बाहेर पडले. पुढची फेरी ॲरिझोना स्टेटविरुद्ध, त्यांच्याच गावात, टेंपीला. ॲरिझोना स्टेटला देशात तिसरं मानांकन. तीन सामन्यांतले दोन जिंकायचे होते. पहिला हरले, उरलेले दोन जिंकले. आणि चौथ्या मानांकनाचा संघ ओमाहात पोचला. १९९९ पासूनच्या नव्या साच्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

ओमाहात पहिल्या सामन्यात त्यांनी राइस विद्यापीठाला १७-५ असं झोडपलं. राइस म्हणजे २००३ चे राष्ट्रीय विजेते आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत वॅकमधलेच! २००५ मध्ये ते वॅक सोडून दुसऱ्या, बऱ्या कॉन्फरन्समध्ये गेले होते. जुन्या वाड्यातल्या भाडेकरूने फ्लॅटमध्ये गेलेल्या शेजाऱ्याला असं गाठावं... मला हा प्रसंग फार आवडला. मग नॉर्थ कॅरोलायना. त्याआधीच्या दोन्ही वर्षी फायनल खेळलेला संघ. त्यांच्याशी तीन सामने झाले, एक हरले, दोन जिंकले.

फायनल जॉर्जियाशी. म्हणजे एसईसीशी. तीनपैकी दोन जिंकायचे. पहिला सामना फ्रेस्नोने ७-६ असा हातातोंडाशी आलेला घालवला. दुसऱ्यात जॉर्जिया सुरुवातीलाच ५-० ने पुढे. इथे मी असतो तर टीव्ही बंद केला असता. फ्रेस्नोने तो सामना १९-१० असा जिंकला. बेसबॉलमध्ये १९ रन म्हणजे जवळपास टी-ट्वेंटीत अडीचशे.

तिसरा सामना २५ जून २००८ ला. ही तारीख आपल्याला पाठ असते, लॉर्ड्सवरच्या १९८३ च्या त्या दुपारला त्या दिवशी बरोबर पंचवीस वर्षं झाली होती. ओमाहात कुणाला ह्याचा पत्ता असण्याचं कारण नाही, पण आपण नोंद घ्यायला हरकत नाही. :)

त्या रात्री पिचिंगला जस्टिन विल्सन. पुरेशी विश्रांती झालेली नव्हती, कारण इतक्या सामन्यांनंतर ताजा खांदा संघात उरलाच नव्हता. तो आठ इनिंग टाकत राहिला आणि जॉर्जियाला एकच रन दिली. आणि बॅटिंगला स्टीव्ह डेटवायलर नावाचा राइट फील्डचा मुलगा, ज्याच्या डाव्या अंगठ्याचा लिगामेंट तुटलेला होता. अंगठा तुटलेला असताना बॅट घट्ट धरून बघा एकदा. त्याने चार हिट मारल्या, त्यांत दोन होमरन. फ्रेस्नोच्या सहा रन झाल्या आणि सहाच्या सहा ह्याच्या फटक्यांवर आल्या. ६-१. शेवटचा चेंडू हवेत उंच उडाला तो राइट फील्डकडे, आणि कॅच घेतला पुन्हा ह्यानेच. सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हणालो असतो, जरा अति होतंय.

पूर्ण मोसमाचा हिशेब: ४७ विजय, ३१ पराभव. इतके सामने हरलेला संघ त्याआधी कधी विजेता झाला नव्हता. राष्ट्रीय स्पर्धेत, हरले तर तिथेच संपलं, असे सहा सामने त्यांच्यावर आले आणि ते सहाही जिंकले. ह्याच जूनच्या पहिल्या तारखेला आपल्याकडे पहिल्या आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्स जिंकले होते आणि आम्ही पाचवीतली पोरं शेन वॉर्नच्या नावाने वेडी झालो होतो. पण राजस्थान साखळीत पहिले होते. त्यांना कुणी दारातच अडवलं नव्हतं.

कोड्याचं उत्तर इथे संपतं. पण मला त्या कॉलवरच्या गड्याची झोप उडवणारी टूर्नामेंट कोणती, हेही बघायचं होतं. ती निघाली एसईसीची. आणि नाव तेच असलं तरी तिथे ही चीज पूर्ण वेगळी आहे.

एसईसीची टूर्नामेंट १९९८ पासून अलाबामातल्या हूवर ह्या बर्मिंगहॅमच्या उपनगरात होते. हूवर मेट्रोपोलिटन स्टेडियम १९८८ ला बांधलं, ते बर्मिंगहॅम बॅरन्स नावाच्या छोट्या व्यावसायिक क्लबसाठी. १९९४ मध्ये मायकेल जॉर्डनला बास्केटबॉल सोडून बेसबॉल खेळायची हुक्की आली होती, तेव्हा तो ह्याच मैदानावर खेळला. २०१३ मध्ये बॅरन्स शहरात नव्या मैदानावर गेले. तेव्हापासून ह्या स्टेडियमचा मुख्य सण म्हणजे मे महिन्यातली ही टूर्नामेंट. लोक सुट्ट्या काढून, राहायच्या गाड्या घेऊन येतात, पार्किंगमध्ये शेगड्या लावतात. आपापल्या कॉलेजचे रंग अंगावर, त्यात आजोबा, मुलगा, नातू सगळे. पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिराबाहेरचा 'आव्वाज कुणाचा' ज्यांनी ऐकलाय त्यांनी त्याला काही हजारांनी गुणावं.

दिवसाला चार-चार सामने, एकामागून एक, एकाच मैदानावर. पाऊस आला की सगळ्या डिपेंडन्सी कोलमडतात. २०१९ मध्ये मिसिसिपी स्टेट आणि एलएसयू ह्यांचा सामना नऊऐवजी सतरा इनिंग चालला आणि संपला तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले होते. मिसिसिपी स्टेट ६-५ ने जिंकले. तरीही स्टेडियममध्ये माणसं होती! प्रॉडक्शन रिलीजच्या रात्री ऑफिसात असतात तशी, फक्त ही स्वखुशीने आलेली.

पण गंमत अशी, की ह्या एवढ्या जत्रेत हरल्याने बहुतेकांचं काहीच बिघडत नाही. ह्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण २०२२ चं. ओले मिस, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठ, साखळीत १४ विजय, १६ पराभव. हूवरला आले आणि पहिल्याच सामन्यात व्हँडरबिल्टकडून ३-१ ने हरून परत गेले. निवड समितीची यादी आली तेव्हा काठावरच्या शेवटच्या संघांत त्यांना जागा मिळाली. आणि तिथून सुटले ते थेट ओमाहात जाऊन ओक्लाहोमाला दोन सामन्यांत हरवून राष्ट्रीय विजेते झाले.

आता हे दोन संघ शेजारी ठेवून बघा. दोघंही 'कुणाच्या खिजगणतीत नसलेले विजेते' म्हणून सांगितले जातात, दोघांच्याही कथा डोळ्यांत पाणी आणणाऱ्या आहेत. पण फ्रेस्नो स्टेट आपल्या कॉन्फरन्सच्या साखळीत पहिले आलेले होते आणि तरी त्यांना टूर्नामेंट जिंकणं भाग होतं. ओले मिस साखळीत निम्म्याहून जास्त सामने हरले, टूर्नामेंटही पहिल्या दिवशी हरले, तरी आत. समितीचं म्हणणंही खोटं नाही, एसईसीत चौदा सामने जिंकणं हे वॅकमध्ये एकवीस जिंकण्याहून अवघड असू शकतं. हे मलाही पटतं. पण छोट्या कॉलेजातलं पोरगं कितीही चांगलं खेळलं तरी ते सिद्ध करायला त्याच्यासमोर चांगला प्रतिस्पर्धीच येत नाही, त्याचं काय? (टियर-थ्री कॉलेजातून इंजिनियर झालेल्यांना कॅम्पस प्लेसमेंटचा कटऑफ आठवत असेल. मला आठवतो.)

म्हणून मी सुरुवातीला न्यायाबद्दल जे लिहिलं ते आता थोडं मागे घेतो. टूर्नामेंट अन्यायी आहे, पण ती नसती तर छोट्यांसाठी दुसरं काहीच नसतं. फ्रेस्नोनंतर आजवर, म्हणजे २०२५ पर्यंत, चौथ्या मानांकनाचे आणखी फक्त तीन संघ ओमाहाला पोचले. २०१२ मध्ये स्टोनी ब्रुक, २०२३ मध्ये ओरल रॉबर्ट्स, २०२५ मध्ये केंटकीतलं मरे स्टेट. तिघंही आपापली कॉन्फरन्स टूर्नामेंट जिंकूनच आत आलेले. ह्यातल्या मरे स्टेटने गटात कुणाला हरवलं? ओले मिसला, त्यांच्याच गावात जाऊन. ओमाहात मात्र आर्कान्सासच्या गेज वुड नावाच्या पिचरने त्यांच्याविरुद्ध नो-हिटर टाकली, म्हणजे अख्ख्या सामन्यात एकही हिट मारू दिली नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये असं १९६० नंतर पहिल्यांदा घडलं. इतिहासात जायचे हेही मार्ग असतात.

ह्या पोरांचं नक्की काय पणाला लागलेलं असतं हेही सांगायला हवं. कॉलेज बेसबॉलमध्ये २०२५ पर्यंत एका संघाला ११.७ स्कॉलरशिपची मर्यादा होती. हो, अकरा पूर्णांक सात दशांश. संघात तीस-पस्तीस मुलं, म्हणजे कुणाला पाव फी माफ, कुणाला अर्धी, कुणाला काहीच नाही. २०२५ मध्ये एका मोठ्या कोर्ट सेटलमेंटनंतर ही मर्यादा गेली. त्या व्यवस्थेत सामील झालेल्या कॉलेजांसाठी आता मर्यादा संघाच्या आकारावर आहे, ३४ खेळाडू. पैसे असतील तर सगळ्यांना पूर्ण स्कॉलरशिप द्या. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांची सोय झाली, हे वेगळं सांगायला नको. दुसरीकडे व्यावसायिक क्लबांचा वार्षिक ड्राफ्ट २००८ मध्ये पन्नास फेऱ्यांचा होता, तो २०२१ पासून वीस फेऱ्यांचा झाला. म्हणजे कॉलेजनंतर पुढे खेळणाऱ्यांची संख्याही आटली. बहुतेकांसाठी मे महिन्यातला तो बाद सामना हाच आयुष्यातला शेवटचा खरा सामना.

आणि ज्या कॉन्फरन्सच्या नावाने हे सगळं चालतं, ती तरी कुठे स्थिर आहे? कॉस्टल कॅरोलायनाचं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये त्यांनी बिग साउथ कॉन्फरन्सची टूर्नामेंट जिंकली आणि पहिल्यांदाच ओमाहा गाठली. फायनलचा तिसरा सामना पावसामुळे एक दिवस लांबून ३० जूनला झाला. ॲरिझोनाला ४-३ ने हरवून ते विजेते झाले. १ जुलैपासून ते सन बेल्ट कॉन्फरन्सचे सदस्य होणार हे आधीच ठरलेलं होतं. बिग साउथला विजेतेपदाचा आनंद मिळाला तो मध्यरात्रीपर्यंत. फ्रेस्नो स्टेटनेही २०१२ मध्ये वॅक सोडली.

पॅसिफिकच्या बाजूची पॅक-१२ ही कॉन्फरन्स बेसबॉलमध्ये टूर्नामेंट घेतच नसे. साखळीत पहिला तो विजेता, असा जुना, सरळ न्याय. २०२२ मध्ये त्यांनीही टूर्नामेंट सुरू केली, ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलला. स्टॅनफर्ड जिंकलं. २०२३ मध्ये ओरेगन. तोवर टीव्हीच्या पैशांवरून कॉन्फरन्सच फुटली. बारापैकी दहा कॉलेजं दुसरीकडे निघाली, उरली ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. (ओरेगन स्टेट २०२५ मध्ये कुठल्याही कॉन्फरन्सशिवाय खेळलं. टूर्नामेंट नाही, हक्काची जागा नाही. समितीने त्यांना घेतलं आणि ते ओमाहापर्यंत गेले. नाव मोठं असलं की दाराशिवायही आत जाता येतं.)

पण नाव मोठं असूनही अडकायची वेळ येते. मे २०२४ मध्ये जुन्या पॅक-१२ ची शेवटची टूर्नामेंट झाली. फायनलला एका बाजूला साखळीतही पहिलं आलेलं ॲरिझोना. दुसऱ्या बाजूला यूएससी, लॉस एंजेलिसचं सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ. कॉलेज बेसबॉलमध्ये ह्यांच्याइतकी राष्ट्रीय विजेतेपदं कुणाकडे नाहीत: बारा. १९७० ते १९७४ सलग पाच. त्या २०२४ च्या मोसमात त्यांना स्वतःचं मैदानही नव्हतं, जुनं पाडलं होतं आणि नवं तयार नव्हतं, म्हणून घरचे सामनेही दुसरीकडे जाऊन खेळत होते. पराभव बरेच झाले होते, समितीच्या दाराचा भरवसा नव्हता. बारा विजेतेपदांचं घराणं सोळा वर्षांपूर्वीच्या फ्रेस्नोच्याच जागी येऊन उभं होतं. जिंकलात तर आत.

सामना शेवटच्या इनिंगपर्यंत गेला. ॲरिझोनाने अखेरच्या फटक्यावर विजयी रन काढली, ४-३. सोमवारी यादी जाहीर झाली, ६४ संघांची. तीत यूएससीचं नाव नव्हतं. त्या उन्हाळ्यात ॲरिझोना बिग १२ मध्ये गेलं, यूएससी बिग टेनमध्ये, आणि स्कॉट्सडेलला पुढच्या मे महिन्यात पॅक-१२ ची टूर्नामेंट झाली नाही.